कुलथे साहेबांचे देश

कुलथे साहेब मोसंबी सोलायला लागले की सभेत कुणी खोकतसुद्धा नसे. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी जणू एवढ्याचसाठी वाढवलेलं. देठापाशी ते खुपसायचे आणि साल न तुटता गोल गोल उतरत यायची. नजर मात्र मोसंबीवर नसायची, आमच्यावर असायची. सोलून झाली की पहिल्या नंबरच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोडी, मधल्यांना काही नाही, आणि शेवटच्या नंबरच्या डॉक्टरांच्या हातात ती अख्खी साल. "बाहेर टाकून या," असं शांतपणे म्हणायचे. चांगला शिकलासवरलेला डॉक्टर साल ओंजळीत धरून सगळ्यांच्या समोरून दारापर्यंत जायचा. आम्ही नर्सबायका मागच्या खुर्च्यांवरून हे बघायचो आणि हसायचो. आपल्या केंद्रावर साल आली नाही, त्याचं ते हसू.

जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे ते आरोग्य अधिकारी. तालुक्याचं नाव घेत नाही. माझी नोकरी संपली असली तरी पेन्शन चालू आहे. मी त्या तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सेविका होते. बाळंतपणं करणं, लसी टोचणं, गरोदर बायकांच्या मागं लागून गोळ्या खाऊ घालणं हे माझं काम. आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याला जाऊन साहेबांच्या सभेत बसणं, हे त्याहून मोठं काम.

साहेब पैसा खात नव्हते, हे आधीच सांगून टाकते. ठेकेदाराच्या चहालासुद्धा शिवायचे नाहीत. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी हजर. शर्ट पांढरा आणि इस्त्री अशी कडक की मोडू नये म्हणून खुर्चीच्या कडेवर टेकून बसायचे. आवाज कधी चढला नाही. त्यांच्याबद्दल कुणी तक्रार करायची म्हटली तर करणार काय? साहेब मोसंबी खातात म्हणून?

बाकीचे अधिकारी खुर्चीमागं देवाची तसबीर लावतात, साहेबांनी जगाचा नकाशा लावला होता. कुठल्या देशात हजारी किती तान्ही लेकरं वर्षाच्या आत मरतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. पोरं क्रिकेटचे स्कोअर सांगतात तसे ते सांगायचे. "श्रीलंका बघा. आपल्या पायाशी पडलेला देश, आणि कुठल्या कुठं गेला. क्यूबा बघा. खिशात दमडी नाही, पण अमेरिकेच्या तोडीस तोड. आणि आपण?" मग नकाशावर फिरवायची लाकडी पट्टी उचलून आमच्याकडं रोखायचे. तेव्हा ऐकताना अंगावर काटा यायचा, अभिमानही वाटायचा. आमच्यासारख्या गाव-खेड्यातल्या बायकांशी जगाच्या गोष्टी बोलणारा हा पहिलाच साहेब होता.

त्यातूनच त्यांना ती युक्ती सुचली. तालुक्यातल्या प्रत्येक केंद्राला त्यांनी एकेका देशाचं नाव दिलं. ज्या केंद्रात त्या महिन्यात एकही तान्हं लेकरू दगावलं नाही ते जपान. त्याखाली श्रीलंका, मग नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि सगळ्यात शेवटी चाड. चाड नावाचा देश आफ्रिकेत आहे हे आम्हाला तिथंच कळलं. "तुम्हाला कशाची चाड नाही, म्हणून तुम्ही चाड," असं साहेब म्हणाले आणि सभा खो खो हसली. नावं कायमची नव्हती. दर महिन्याला आकडे बघून बदलायची. सभेत, चिठ्ठ्यांवर, ऑफिसच्या फोनवर केंद्राचं खरं नाव घ्यायचं नाही, देशच म्हणायचा असा हुकूम होता. "लाज वाटली पाहिजे. दिवसातून दहादा वाटली पाहिजे, तेव्हा माणूस काम करतो."

लतीफभाई ऑफिसच्या गाडीचे ड्रायव्हर. पांढरी दाढी, गळ्यात चौकड्याचा रुमाल, आणि गाडीत बाळंतीण असली की खड्ड्यातनंसुद्धा अशी काढायचे की पोटातलं पाणी हलू नये. एका महिन्यात त्यांच्या गावचं केंद्र पाकिस्तान झालं. साहेबांनी खिडकीतून हाक मारून सांगितलं, "लतीफ, अभिनंदन. घरीच आलास की." सगळे हसले. लतीफभाईंनी गाडीची काच पुसायला घेतली आणि बराच वेळ तेवढीच काच पुसत राहिले. ते पाहून माझं हसू तिथंच थांबलं.

आता यातली खरी गोम सांगते. खेड्यातल्या केंद्रात महिन्याला बाळंतपणं होऊन होऊन होणार किती? त्यात एक लेकरू गेलं की जपानचा थेट चाड व्हायचा. पुढच्या महिन्यात कुणी मेलं नाही की पुन्हा जपान. यात आमचं कर्तृत्व काय आणि चूक काय? पण हे बोलणार कोण? मग सगळ्यांनी आपापली वाट शोधली. एखाद्या लेकराचं लक्षण ठीक दिसेना की त्याला घाईघाईनं दुपट्यात गुंडाळून जालन्याला नाहीतर शेजारच्या केंद्राला पाठवायचं. जगलं तर आपलं, मेलं तर त्यांचं. नर्सबायका आपसात म्हणायच्या, "सीमेपल्याड पोचलं का?" आणि उत्तर आलं की चहा घ्यायच्या. मीही घेतलाय तो चहा.

साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. एका सभेत त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं की देशादेशांचे आकडे दिसतात तसे नसतात. कुठं लेकरानं एक श्वास घेतला तरी ते जन्मलं असं धरतात. कुठं फार हलकं, फार लवकर आलेलं लेकरू हिशेबातच घेत नाहीत. "त्यांचे आकडे का सुंदर दिसतात, कळलं?" असं म्हणून ते थांबले आणि एक फोड तोंडात टाकली. "आकड्याला आई नसते, सिस्टर." पुढचं बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. त्या महिन्यापासून तालुक्यात 'उपजत मृत्यू' वाढले. म्हणजे लेकरू पोटातूनच मेलेलं आलं असं लिहायचं. जे जन्मलंच नाही ते मरणार कसं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदा मात्र मला या माणसाची दया आली होती. सभा संपल्यावर चहा चालला होता. तालुक्याचं नाव जिल्ह्यात झालं होतं, म्हणून साहेब खुशीत होते. कुणीतरी विचारलं, "साहेब, तुमच्या नावातलं डी. आर. म्हणजे काय हो?" साहेब हसले. "धोंडीराम. माह्या आधीची मायची सगळी गेली. मग मी झालो तर नाव ठेवलं धोंडा. देवाच्या नजरेत भरू नये म्हणून. आधीच्यांची नावं विचारली तर मायला आठवायची नाहीत. कुणी मोजलीच नव्हती. मोजलेला पहिला मीच." हे सांगताना त्यांची साहेबी भाषा सुटली होती, त्यांच्या गावाकडची, केदारखेड्याची बोली तोंडात आली होती. मला वाटलं, हा माणूस जगाचा नकाशा लावतो तो काही उगीच नाही. ती दया मी पुढं परत घेतली.

तो एप्रिल महिना होता. सकाळी सभा झाली. आमचं केंद्र आदल्या महिन्यात श्रीलंका होतं, ते एक पायरी घसरून नेपाळ झालं. आधीचं नेपाळ तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याचं बांगलादेश झालं. ड्रायव्हर लोक सभेत नसत, बाहेर कडुलिंबाखाली बसत. त्यांना नवी नावं कुणी सांगितली नाहीत. कुणाला सुचलंही नाही.

मी दुपारी केंद्रात परत आले तर सुनंदा आलेली. विशी ओलांडलेली पोर, वर्षभरापूर्वी एकदा पोट पडलेलं, आणि आता सातव्यातच रक्त जायला लागलेलं. सोबत सासू. आमच्या नव्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, हिला आत्ताच्या आत्ता जालन्याला न्यायला हवं, लेकराला काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. आमची गाडी गॅरेजला. सरकारी अँब्युलन्स कुंभार पिंपळगावच्या बाजूला अपघातावर गेलेली. मी तालुक्याला फोन लावला. साहेबांनी स्वतःच उचलला.

"साहेब, गाडी पाठवा. बाई अडलीय, रक्त जाऊन राह्यलंय."

"कोण बोलतंय?"

मी केंद्राचं नाव सांगितलं.

"नाव नको. देश सांगा."

"नेपाळ, साहेब! नेपाळ! जल्दी पाठवा!"

फोनमधूनच मला त्यांची खिडकीतली हाक ऐकू आली, "लतीफ, नेपाळला जा. जल्दी." आणि गाडी सुरू झाल्याचा आवाजही आला. मी सुनंदाला सांगितलं, निघाली बघ गाडी.

गाडी आली नाही. लतीफभाई बिचारे उन्हातान्हात सुसाट गेले, ते आधीच्या नेपाळला. तिथं अडलेलं कुणीच नाही, सगळे जेवून पडलेले. रस्त्यात त्यांच्या फोनला रेंज नाही. ते वळून आमच्याकडं येईपर्यंत सुनंदा बाळंत झाली. सासू तेव्हा लुगडी आणायला लांब वस्तीवरच्या घरी गेली होती, ती परतली तेव्हा सगळं संपलं होतं. मुलगा झाला. हाताच्या पंज्यात मावेल एवढासा, पण रडला. बारीक आवाजात रडला, पण रडला. सुनंदानं मान उचलून विचारलं, "बाई, रडलं ना?" मी म्हटलं, "रडलं की गं." त्याला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून गोधडी टाकली. नळीनं ऑक्सिजन दिला. डॉक्टर सारखे दारात जाऊन रस्त्याकडं बघत होते. लेकराचा श्वास तुटक चालला होता, मधेच थांबायचा, पाठ चोळली की पुन्हा सुरू व्हायचा. सुनंदा त्याला घरातली नावं सांगत होती. घरी तुझे बाबा आहेत, तुझी आजी आहे, असं म्हणून. तास-दीड तास असं चाललं. मग पाठ चोळूनही काही झालं नाही.

गाडी आली तेव्हा लतीफभाई इंजिन चालू ठेवूनच पळत आत आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, सुनंदाकडं बघितलं आणि पायरीवर बसले. गाडी तशीच घरघरत राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. डॉक्टरांसमोर बसले आणि म्हणाले, "उपजत."

"साहेब, लेकरू रडलं होतं," मी म्हटलं.

"मांजरपण रडतं, सिस्टर. वजन किती होतं?"

डॉक्टरांनी सांगितलं.

"एवढं लेकरू भले भले देश मोजत नाहीत. आपण काय त्यांच्याहून श्रीमंत लागून गेलो?" ते हसले. डॉक्टर नवे होते, साल उचलून दोनदा दारापर्यंत जाऊन आलेले. त्यांनी लिहिलं. मला त्या क्षणी साहेबांचा संताप आला, आणि तो लपवायला मी उगीचच कापसाचे बोळे करत बसले.

सुनंदाच्या सासूनं लेकरू रडताना ऐकलं नव्हतं. तिच्या लेखी सरकारनं लिहिलं तेच खरं. आधी एक पडलं, आता दुसरं मेलेलंच आलं. "हिच्या पोटात मढीच पिकतात," असं ती चारचौघांत बोलायला लागली. दुसरी पोरगी बघायचं घरात चालू झालं. सुनंदाला माहेरी आणून सोडलं. महिना उलटल्यावर ती आईला घेऊन माझ्याकडं आली. तिला पैसा नको होता, कुणाला शिक्षाही नको होती. लेकरू जिवंत जन्मलं एवढं सरकारनं लिहून द्यावं, म्हणजे सासरचे ऐकतील आणि संसार वाचेल, एवढीच तिची आशा. मी तिला तालुक्याला घेऊन गेले. लतीफभाई बाहेर होते, तेही न बोलावता आमच्यामागं आत आले.

साहेबांनी तिला खुर्ची दिली. हे त्यांचं नेहमीचं होतं, बाईमाणसाला उभं ठेवायचे नाहीत. तिचं सगळं ऐकून घेतलं. मग उठले, पट्टी घेतली आणि नकाशापाशी गेले. मला वाटलं, चेष्टा करताहेत. नाही. त्यांनी त्या पोरीला खरंच सगळं समजावून सांगितलं. या देशात असं धरतात, त्या देशात तसं धरतात, इथं एवढ्या वजनाच्या खाली, तिथं एवढ्या आठवड्यांच्या आत. सुनंदा पट्टीच्या टोकाकडं बघत होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "साहेब, मला त्या देशात कुटं ऱ्हायचंय? मला माह्या सासरी ऱ्हायचंय."

साहेबांनी पट्टी खाली ठेवली.

लतीफभाई पुढं झाले. रुमाल हातात पिळत म्हणाले, "साब, बच्चा जिंदा पैदा हुआ था करके लिख देव. गाडी मैं लेट लाया. जो होना सो मेरे पे डालो."

साहेब त्यांच्याकडं वळले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "लतीफ, तू घरी जा. नेपाळ मी सांगितलं होतं. लिहायचं म्हटलं तर तुझं नाव त्यात येतच नाही."

त्या खोलीत इतकं खरं कुणी कधी बोललं नव्हतं. आपली चूक आपल्या तोंडानं सांगून, तीच झाकायला त्यांनी त्या पोरीचं लेकरू खोडून टाकलं होतं, आणि हे सांगताना इस्त्रीसुद्धा मोडली नाही. मग सुनंदाकडं वळून म्हणाले, "तू तरुण आहेस. पुढचं होईल, ते आपण मोजू."

तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. सुनंदानं खुर्ची जागेवर सरकवली आणि बाहेर आली.

पुढच्या सभेत नकाशा होता, देश नव्हते. साहेबांनी साधे नंबर घातले. का बदललं ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. लतीफभाईंनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि टेंभुर्णीला मुलाच्या गॅरेजात बसायला लागले. सुनंदाचा नवरा दिवाळीनंतर दुसरी घेऊन आला. तालुक्याला बक्षिसाची ढाल मिळाली, साहेबांचा सत्कार झाला, पेपरात फोटो आला. फोटोत मागं मीही आहे, अर्धी.

सुनंदाला मी आमच्याच केंद्रात झाडलोटीच्या, पाणी भरण्याच्या कामाला लावून घेतलं. पगार नावालाच, पण माहेरच्या भाकरीवर बसावं लागत नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत मात्र ती पाऊल टाकायची नाही. तिथला केर मी काढायचे.

साहेब निवृत्त झाले तेव्हा प्रत्येक केंद्राचा निरोप घ्यायला फिरले. आमच्याकडं मंडप, शाल, नारळ, पुरी-भाजी, जिलेबी, सगळं साग्रसंगीत. भाषणं झाली. साहेब माझ्याबद्दलही बरं बोलले. जेवण झाल्यावर हात धुवायला नळापाशी आले, तर नळाला पाणी नाही. सुनंदा तांब्या घेऊन पुढं झाली आणि त्यांच्या हातावर पाणी घालायला लागली. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी. साहेबांनी तिला ओळखलं नाही. इतक्या वर्षांत इतक्या बायका त्या खुर्चीत बसून गेल्या असतील. पण त्या दिवशी ते सगळ्यांशीच गोड बोलत होते.

"किती लेकरं गं तुला?" त्यांनी हात चोळत विचारलं.

"एक, साहेब."

"एकच?"

"एकच."

"शाब्बास! एकावरच थांबलीस?" ते माझ्याकडं वळले. "शहाणी आहे हो पोरगी. सगळ्या अशा निघाल्या असत्या तर माझं निम्मं काम वाचलं असतं."

माझ्या हातातला टॉवेल त्यांनी घेतला, एकेक बोट नीट पुसलं आणि परत दिला. गाडीत बसले, काच खाली करून सगळ्यांना हात केला. सुनंदालाही केला. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली.

मला वाटलं, पोर आता इथंच कोसळेल. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

"बाई," ती म्हणाली, "आज मोजलं बगा साहेबानं."